गुऱ्हाळातली पाणबुडी

भीमेचा पूल ओलांडला की एसटीच्या खिडकीतून काकवीचा वास येतो. शिरूरहून राहूला माहेरी जाताना मी खिडकीची जागा धरते ती हवेसाठी, असं सगळ्यांना सांगते. गुऱ्हाळं चालू असतात तेवढे चार महिने ते पूर्ण खरं नसतं.

यंदाही तो वास आला. चिपाडाचा धूर, उकळता रस आणि खाली तापलेली माती. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला. मला मात्र त्याच्यामागून दुसराच एक वास आला, जो त्या रस्त्यावर कुठेही नव्हता. फायबरच्या रेझिनचा. उग्र, थोडा गोडसर, कपाळात जाऊन बसणारा. फाट्यावर उतरेपर्यंत तो गेला नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्र-वैशाखात, आप्पांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात, माझ्या भावाने पाणबुडी बांधली. रिमोटवर चालणारी, माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाएवढी लांब. विकतचे तुकडे आणून जोडलेली नव्हे, लाकडाच्या फळीपासून सुरुवात करून बांधलेली. तिच्या पोटात ज्या तारा आणि मोटारी होत्या त्यांतलं मला आजही काही कळत नाही. पण तिचं अंग, बाहेरचं कवच, आम्ही तिघांनी मिळून केलं. सुभाषने, मी आणि आप्पांनी. आणि त्या तिघांतले दोघे पंधरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गुळव्या. गुऱ्हाळात ऊस गाळणारे, जाळ घालणारे, ढेपा वाहणारे पुष्कळ असतात. काहिलीतल्या रसाचा गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस एकच असतो, तो गुळव्या. काहील जरा आधी उतरवली तर ढेप बसत नाही, जरा उशिरा उतरवली तर गूळ काळा पडतो. आप्पांनी चाळीस वर्षं ती वेळ चुकवली नाही. मग डोळे अधू झाले, डॉक्टरांनी धुरात जायचं नाही म्हणून सांगितलं आणि चुलवाण थंड पडलं. तरी आप्पा रोज सकाळी उठून त्याच छपरात जात आणि खाटेवर बसत. काम नसलं तरी कामाची जागा लागतेच माणसाला. मला रविवारी दुकान बंद ठेवून घरात बसवत नाही, तसंच ते.

सुभाष माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. नेव्हीत होता, पाणबुडीवर, विजेचं काम बघायचा. आई गेली तेव्हा तो समुद्रात होता आणि समुद्राच्याही खाली होता. आप्पांनी फोन केले, निरोप ठेवले, दोन दिवस वाट बघितली. शेवटी अग्नी चुलतभावाने दिला. दहाव्याला डोकंही त्यानेच भादरून घेतलं. सुभाष आला तेव्हा चौदावा होऊन आठवडा उलटला होता. तो पाठीवरची पिशवीसुद्धा न उतरवता अंगणात उभा राहिला. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं आणि आत वळून म्हणाले,

"पाव्हणं आल्यात. पानी द्या त्यांना."

त्या दिवसापासून आप्पा त्याच्याशी बोलले नाहीत. भांडण म्हणाल तर नव्हतं. नोकरी संपवून सुभाष गावी परत आला, शेती बघू लागला, आप्पांचं औषधपाणी तोच करायचा. दोघे एका पंगतीला जेवायचे. फक्त बोलणं तिसऱ्या माणसातून चालायचं.

"त्याला म्हणावं, मोटार बंद कर."

सुभाष दोन हातांच्या अंतरावरच उभा असायचा. तो म्हणायचा, "त्यांना सांग, मघाशीच केली."

मधली तार म्हणजे माझी भावजय सुनंदा, आणि मी गेले की मी. पहिली काही वर्षं मला वाईट वाटायचं, पुढे कंटाळा यायला लागला. जे दोघांनाही ऐकू गेलेलं आहे ते पुन्हा मोठ्याने सांगायचं, याच्याइतकं बिनकामाचं काम दुसरं नाही.

त्या वर्षी गुढीपाडव्यानंतर सुभाषचा फोन आला.

"अक्का, कात्री घेऊन ये."

"कशाला?"

"कापड कापायचंय. काचेचं."

"काचेचं कापड? उन्हात हिंडू नकोस रे डोक्यावर काही न घेता."

पण गेले. मी शिरूरला शाळांचे गणवेश शिवते. माझी धांदल वैशाख सरताना सुरू होते, चैत्र मोकळा असतो. जाऊन बघते तर गुऱ्हाळाच्या छपरात, जिथे पूर्वी ढेपा रचायचे तिथे, सुताराच्या दोन घोड्यांवर एक लांबट लाकडी सांगाडा ठेवलेला. फळीचे गोल काप, मधले मोठे, टोकांकडे लहान होत गेलेले, सळईत ओवल्यासारखे. त्यांच्यावर पातळ पट्ट्या ठोकलेल्या. मी म्हटलं, "हे काय, मोठा मासा करतोयस?"

"पाणबुडी."

"आता या वयात?"

तो पट्टीला रंधा मारत राहिला. वर न बघता म्हणाला, "आप्पांनी एकदाही विचारलं न्हाई अक्का, तिथं कसं असतं. मी सांगाय लागलो की उठून जातात. समोर दिसलं तर निदान बसून बघतील." मग रंधा थांबला. "एकोणऐंशी झालेत ते. किती उन्हाळे हायत आता?"

मी म्हटलं, "माप दे. कापड किती लागेल?"

आमच्यात असंच असतं. पण त्या दिवशी परतीच्या एसटीत मी मनाशी ठरवलं की या उन्हाळ्यात दर आठवड्याला जायचं. त्या सांगाड्याचं काय व्हायचं ते होवो. ही दोन माणसं न बोलताच राहून गेली, तर नंतर ते दुःख वाटून घ्यायला माझ्याकडे कुणीही उरणार नव्हतं.

सांगाड्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, मोटारीला पोचा आला की भरतात तीच. मग घासणं सुरू झालं. घासायचं, भरायचं, पुन्हा घासायचं. पॉलिश पेपरचा तो खर्रखर्र आवाज दुपारभर चालायचा आणि छपराच्या कौलांतून उन्हाचे कवडसे सरकत जायचे. आप्पा खाटेवर पाठ करून झोपल्यासारखे पडलेले असत. झोप कसली! कान सगळे इकडेच.

मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा सुभाष पाण्याची मोटार बघायला मळ्यात गेला होता. आप्पा उठले, काठी टेकत घोड्यांपाशी आले आणि सांगाड्यावरून तळहात फिरवला. डोळे मिटून. गूळ निवल्यावर ढेपेवरून फिरवत तसा.

"मंगल, त्याला म्हणावं, डाव्या अंगाला पोट आलंय."

मी हात फिरवून बघितला. मला काही कळलं नाही. सुभाष आला, त्याने पट्टी लावून बघितली. केसभर पोट होतंच. त्याने ते घासून काढलं. पुढच्या आठवड्यात गेले तर पॉलिश पेपरचा एक तुकडा आप्पांच्या हातात होता. तो कुणी दिला हे मी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही. ते एका टोकाला घासत होते आणि सुभाष दुसऱ्या.

काचेचं कापड म्हणजे काचेच्या धाग्यांची पांढरी चटई. कापताना तिचे बारीक कण उडतात, अंगाला खाज सुटते. दोन दिवस माझे हात पेटल्यासारखे झाले होते आणि माझी चांगली कात्री कायमची बोथट झाली. पण काम माझ्याच जातीचं निघालं. सपाट कापड गोल अंगावर बसवायचं, चुणी पडू द्यायची नाही. सुभाषने नाकापाशी तीन वेळा प्रयत्न केला आणि तीन वेळा घडी पडली. मी त्याला बाजूला केलं. कागदावर बेत काढला, त्रिकोणी चिरा दिल्या आणि कापड गपकन बसलं.

"कसं केलंस?"

"ब्लाऊजची कटोरी कापतात तसं."

"अक्का, हे बाहेर कुणाला सांगू नकोस."

"सांगणार. शिरूरभर सांगणार."

खाटेवरून खोकल्यासारखा आवाज आला. आप्पा हसत होते. पंधरा वर्षांत सुभाषच्या बोलण्यावर ते हसलेले मी पहिल्यांदा ऐकले. सुभाषनेही ऐकलं असणार, कारण त्यानंतर तो बराच वेळ उगाचच एक जागा पुसत राहिला.

रेझिनचं कूळ गुळासारखंच. पातळ असतं, त्यात दुसऱ्या औषधाचे थेंब टाकले की गरम होतं आणि घट्ट बसतं. किती थेंब टाकायचे हे सुभाष मोबाइलवर बघून ठरवायचा. पण ती मापं थंड मुलखातल्या माणसांची. आपल्याकडे चैत्रातल्या दुपारी पत्र्यावर पापड भाजून निघेल. पहिल्या दिवशी त्याने मगभर रेझिन कालवलं आणि ब्रश बुडवेपर्यंत मगातून धूर निघायला लागला. प्लॅस्टिकचा मग वाकडा झाला, आत पिवळा दगड.

आप्पा ताडकन उठून बसले. "खोल भांड्यात घेतलंय व्हय? मंगल, इचार त्याला, पाक काहिलीतनं वाफ्यात का वततात?"

वाफा म्हणजे गूळ निववायचं पसरट, उथळ टाकं. सुभाषने माझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघतच म्हणाला, "पसरला की उष्णता धरून राहत न्हाई."

"मग? ल्हानपणी ह्याच छपरात काय बघितलं त्यानं?"

सुनंदाची जुनी परात आली. परातीत रेझिन पसरलं की दुप्पट वेळ टिकायचं. तेव्हापासून आप्पा परातीशेजारी पाटावर बसू लागले. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, पण हातात काडी असायची. काडी बुडवायची, वर घ्यायची, चिमटीत तार ओढून बघायची. "अजून हाय येळ... लावा, लावा... आता बास. हात काढा म्हणावं." हात काढायला जरा उशीर झाला तर ब्रश चिकटून राहायचाच. हे शास्त्र मोबाइलवर कुठे मिळणार!

सांगाड्यावरून आधी दोन अर्धे साचे काढले, एक वरचा आणि एक खालचा. आता त्या साच्यांच्या आत खरं कवच घालायचं होतं. साचा मेणाने चकचकीत पुसून, अगदी कोरडा ठेवायचा. पाण्याचा अंश राहिला तर रेझिन बसत नाही. हे सुभाषने मला सांगितलं होतं. आप्पांना सांगायचं तर मधे मी, आणि मी ते सांगितलं नाही, कारण सांगायची गरज आहे असं मला वाटलंच नाही.

आम्ही दोघं घरात जेवायला गेलो. येऊन मी कापड लावलं, सुभाषने ब्रश फिरवला, आप्पांनी तार बघितली. दुसऱ्या दिवशी साच्यातून निघालं ते दुधासारखं पांढरं, चिकट, बोटाने खरवडलं तर निघणारं. आठवडाभराचं काम मातीत गेलं. सुभाष उकिडवा बसून साच्याची कड बघत होता. खाटेच्या पायाशी एक फडकं पिळून वाळत घातलेलं मला दिसलं, आणि त्यालाही दिसलं.

गुळाच्या साच्याला आतून ओलं फडकं लावतात. त्याशिवाय ढेप सुटत नाही. आप्पांनी आयुष्यात कोरड्या साच्यात काही ओतलं नव्हतं. आम्ही जेवत असताना ते उठले होते आणि आपल्या परीने लेकाचा साचा तयार करून ठेवला होता. आमची चाहूल लागली तेव्हा फडकं काढून घेतलं होतं.

सुभाषचा राग मला माहीत आहे. मी उठून मधे उभी राहिले. पण तो शांतपणे म्हणाला, "अक्का, त्यांना सांग, रेझिनच जुनं निघालं. दुकानदारानं फसवलं. परत आणतो."

त्या दिवशी आप्पा लवकर घरात गेले. पण मी शिरूरला निघाले तेव्हा मला अंगणात गाठलं. "मंगल, रेझिन चांगलं व्हतं न्हवं?"

मी म्हटलं, "मला त्यातलं काही कळत नाही, आप्पा."

"त्याला म्हणावं, साचा म्या भिजिवला."

"मी नाही म्हणणार. तो तिकडे गोठ्यात आहे. वीस पावलं आहेत."

आप्पांनी गोठ्याकडे बघितलं. काठी दोनदा जमिनीवर टेकवली आणि ते माघारी फिरले. एसटीत मला माझाच राग आला. एवढा निरोप पोचवला असता तर काय झिजलं असतं? पण मग वाटलं, पोचवत राहिले म्हणूनच तर पंधरा वर्षं चाललं.

पुढच्या आठवड्यात गेले तर दोन्ही साचे कडक उन्हात तोंड वर करून ठेवलेले. शेजारी आप्पा पंचा घेऊन बसलेले. कुणी येता-जाता पाण्याची बादली घेऊन फिरकलं की ओरडत, "लांबनं जा! कोरडं ऱ्हाऊ द्या त्ये!"

यंदा गेले तेव्हा त्या छपरात सुनंदाच्या शेळ्या बांधलेल्या होत्या. साच्याचा खालचा अर्धा भाग भिंतीशी आहे, त्यात भुसा टाकलाय आणि तांबडी कोंबडी त्यात अंडी घालते. मला ते आवडलं. साचा रिकामा पडून राहण्यापेक्षा बरं. मी आत हात घालून बघितला, अजूनही आरशासारखा गुळगुळीत आहे. नाकापाशी माझ्या चार चिरांच्या बारीक रेषा उमटलेल्या सापडतात. कोंबडीने टोच मारली म्हणून हात काढला.

त्या वर्षी वैशाखात कालव्याला पाण्याचं आवर्तन आलं आणि आमचं शेततळं काठोकाठ भरलं. कवचाचे दोन्ही अर्धे जोडून, काळा रंग देऊन झाले होते. सुभाषने आत मोटार, बॅटरी, पाणी भरून घ्यायची आणि बाहेर टाकायची छोटी टाकी बसवली. रिमोट जुन्या पद्धतीचा, लांब दांडीचा. नवे रिमोट पाण्याखाली मुळीच चालत नाहीत म्हणे. ऊन कलल्यावर आम्ही आप्पांना हाताला धरून तळ्याच्या बांधावर नेलं आणि खुर्ची टाकून बसवलं.

"त्यांना सांग," सुभाषने सुरुवात केली, "हा दांडा खाली ओढला की..."

मी रिमोट त्याच्या हातातून घेतला, आप्पांच्या मांडीवर ठेवला आणि चार पावलं मागे जाऊन उभी राहिले.

थोडा वेळ कुणीच काही केलं नाही. मग आप्पांचा अंगठा हलला. पाणबुडी सरळ निघाली, पाण्यात दोन रेघा काढत. काळं अंग, हिरवट पाणी. तेवढं त्यांना दिसत होतं. "हिकडं, हिकडं, हां," ते वासराला बोलवावं तसं म्हणायला लागले. दांडा ओढला तशी ती खाली बसत गेली. पाठ बुडाली, वरचा उंचवटा तेवढा राहिला, मग तोही गेला. पाण्याखालून जाणारी सावली दिसत होती. आप्पांनी दांडा आणखी ओढला. सावली पुसट झाली आणि संपली.

आप्पांनी दांडा वर ढकलला. काही झालं नाही. पुन्हा ढकलला.

"ऐकंना की ही. मोडली का काय?"

हे कुणाला उद्देशून होतं, मला कळलं नाही. मी हलले नाही. सुभाष म्हणाला, "मोडली न्हाई. लई खाली गेली. तितनं खाली रिमोटचं पोचत न्हाई."

"एवढं दाबतोय की मी."

"कितीबी दाबलं तरी न्हाई पोचत, आप्पा. पाणी मधी अडवतं."

"वरनं कोन बोलावतंय, तिला कळत न्हाई?"

"न्हाई. वरचं काय ऐकू येईना झालं, एवढंच तिला कळतं. मग टाकीतलं पाणी बाहेर टाकून ती आपली आपण वर येती. पंप बारका हाय. येळ लागतो."

आम्ही वाट बघत राहिलो. तळ्याच्या कडेचा प्लॅस्टिकचा काळा कागद वाऱ्याने फडफडत होता. एक खंड्या पलीकडच्या पाइपावर येऊन बसला आणि उडून गेला. आप्पांचा अंगठा दांड्यावर तसाच होता, दाबलेला. नख पांढरं झालं होतं.

"आत तुमाला काय ऐकू यायचं?"

"पंख्यांचा आवाज. एकमेकांचं बोलणं."

"वरचं?"

"वरचं काय न्हाई."

पलीकडच्या काठाजवळ बुडबुडे आले आणि त्यांच्यामागून तो काळा उंचवटा हळूच वर आला. मी "आली!" म्हणून ओरडले. त्या दोघांनी तिकडे बघितलंच नाही. आप्पांनी अंगठा उचलला आणि सुभाषकडे तोंड केलं, सरळ त्याच्याकडे.

"तुला कवा कळलं रं?"

"एकोणीस दिवसांनी. वर आलो, तवा सायबांनी केबिनमधी बोलावलं."

मग आप्पांनी विचारलं, "त्या दिशी जेवला व्हतास का तू?"

सुभाष खुर्चीशेजारी बांधावर खाली बसला, लहानपणी काहिलीशेजारी बसायचा तसा, गुडघे पोटाशी घेऊन.

पाणबुडी पलीकडे कडेला कागदाला घासत होती. एवढ्या मेहनतीचा रंग, खरवडून निघाला असता. मी बांबूचा आकडा घेतला आणि तळ्याला वळसा घालून तिला काढायला निघाले. मागे दोघांचं बोलणं चालू होतं. शब्द ऐकू येत नव्हते. तळं मोठं आहे, वळसा लांबचा आहे. अख्ख्या वाटेत मला एकदाही कुणी हाक मारली नाही.